पीटपासून वायू आणि द्रव इंधन: गॅसिफायरची चौकशी आली आहे, तांत्रिक माहिती हवी

सातपूरचा फॅब्रिकेटर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. हीट एक्स्चेंजर, टाक्या, बॉयलरचे सुटे भाग ही आमची नेहमीची कामे असून, त्याखेरीज ब्रिकेट आणि लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे लहान गॅसिफायरही (घन इंधन अर्धवट जाळून त्यापासून ज्वलनशील वायू करणारी भट्टी) आम्ही बनवतो. अलीकडे एका निर्यात मध्यस्थामार्फत उत्तर युरोपातून एक चौकशी आली आहे. तीत इंधनाच्या रकान्यात 'पीट' (दलदलीत अर्धवट कुजून साचलेले वनस्पतींचे अवशेष) असे लिहिलेले असून ओलाव्यापुढे 'सुमारे ५० टक्के' एवढाच उल्लेख आहे. क्षमता २ मेगावॉट औष्णिक. पहिल्या टप्प्यात हा वायू गरम पाण्याच्या बॉयलरमध्ये जाळायचा आहे आणि दुसऱ्या टप्प्यात त्याच वायूपासून मिथेनॉल किंवा डिझेलसारखे द्रव इंधन तयार करण्याची 'सोय ठेवावी' अशी अपेक्षा आहे.

आमच्याकडे पीट कोणी पाहिलेले नाही. नर्सरीत प्रो-ट्रे भरण्यासाठी जे कोकोपीट वापरतात ते नारळाच्या काथ्याचा भुसा असते, त्यामुळे त्यावरून काही अंदाज बांधता येत नाही. मला मुख्यतः एवढे समजून घ्यायचे आहे की, पीटचे वायूकरण लाकडापेक्षा किंवा लिग्नाइटपेक्षा (तपकिरी कोळशापेक्षा) कोणत्या बाबतीत वेगळे पडते, द्रव इंधनाची ही मागणी एवढ्या लहान संयंत्रात व्यवहार्य आहे का, आणि हे काम यापूर्वी कोणी मोठ्या प्रमाणावर केले असल्यास त्याचे पुढे काय झाले. आपल्या भागात कोठे पीट मिळत असेल तर चाचणीसाठी थोडे आणता येईल, तेही कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

निवृत्त रसायन अभियंता

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आकडा आपण स्वतःच लिहिला आहे, तो म्हणजे ५० टक्के ओलावा. पीटच्या बाबतीत रसायनशास्त्र फारसे अडवत नाही. अडवते ते पाणी. त्यामुळे सुरुवात तेथूनच करतो.

दलदलीतून काढलेल्या ताज्या पीटमध्ये वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलो ओल्या मालात १ किलो कोरडा पदार्थ आणि ९ किलो पाणी. त्या १ किलो कोरड्या पदार्थात साधारण २१ मेगाज्यूल उष्णता असते. आता ९ किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करायची म्हटली, तर सुमारे २३ मेगाज्यूल लागतात. म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त. बरे, दाबून पाणी काढावे म्हटले तर पीटमधील पाण्याचा मोठा भाग तंतूंच्या पोकळ्यांत आणि चिकट कलिल पदार्थात धरलेला असतो, त्यामुळे साध्या यांत्रिक दाबाने ओलावा ७० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. म्हणूनच फिनलंड आणि आयर्लंड या देशांनी पहिल्यापासून उन्हाचा आधार घेतला. दलदलीत चर काढून पाण्याचा निचरा करायचा, वरचा एक ते दीड सेंटिमीटरचा थर यंत्राने खरवडून तेथेच पसरायचा, उलटापालट करायचा आणि ओलावा ४५ ते ५० टक्क्यांवर आला की गोळा करायचा. आपल्या चौकशीतील ५० टक्के हा आकडा याच पद्धतीतून आलेला दिसतो. या अवस्थेत किलोमागे सुमारे ९ मेगाज्यूल उष्णता हाती लागते.

हा खरवडलेला माल भुग्यासारखा असतो आणि आपल्यासाठी ही दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे. स्थिर थराच्या गॅसिफायरमध्ये भुगा घातला की हवेला वाट राहत नाही, ती एखाद्याच ठिकाणी भोक पाडून वर निघते आणि बाकीचा थर थंड पडतो. स्थिर थरासाठी पीटचे दाबून काढलेले, हाताच्या अंगठ्याएवढे किंवा त्याहून जाड वळे लागतात. तसा माल त्या देशांत वेगळा विकला जातो. भुगाच वापरायचा असेल तर तरंगत्या थराचा, म्हणजे खालून येणारी हवा भुग्याला तरंगत ठेवते असा फ्लुइडाइज्ड बेडचा, गॅसिफायर हवा. फ्रिट्झ विंकलर यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत जी पद्धत लिग्नाइटसाठी बसवली आणि जी लॉयना येथे १९२६ पासून चालली, तीच पुढे दाबाखाली चालवून पीटसाठी वापरली गेली. आपल्याकडे नेयवेलीलाही लिग्नाइटपासून खत बनवताना विंकलर पद्धतच होती.

रासायनिक बाजूने पाहता पीट हे लाकूड आणि लिग्नाइट यांच्या मधले इंधन आहे. कोरड्या मालात कार्बन ५० ते ६० टक्के, ऑक्सिजन ३० टक्क्यांहून अधिक आणि बाष्पनशील भाग ६५ ते ७० टक्के. त्यामुळे ते चटकन पेट घेते आणि त्याचा कोळसा वाफेशी जोमाने अभिक्रिया करतो. दगडी कोळशासारखे फार वरचे तापमान लागत नाही. मात्र लाकडाच्या तुलनेत दोन गोष्टी जास्त असतात, राख आणि नायट्रोजन. नायट्रोजन १ ते ३ टक्के असतो आणि त्याचा बराच भाग वायूत अमोनिया होऊन उतरतो. राखेचे प्रमाण दलदलीनुसार फार बदलते, म्हणून नमुन्याचे पृथक्करण हाती आल्याशिवाय कोटेशन देऊ नये.

आता इतिहासाकडे वळतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर पीटकडे पुष्कळांचे लक्ष गेले. अमेरिकेत मिनेसोटामध्ये पीटपासून नैसर्गिक वायूच्या तोडीचा वायू बनवण्याचे संशोधन झाले. नॉर्थ कॅरोलायनामध्ये पीटपासून मिथेनॉलचा मोठा कारखाना उभारण्याची योजना होती आणि १९८० साली स्थापन झालेल्या सरकारी कृत्रिम इंधन महामंडळाच्या साहाय्यावर तिची भिस्त होती. तेलाचे भाव उतरले, योजना कागदावरच राहिली, महामंडळ १९८६ मध्ये गुंडाळले गेले आणि त्या जमिनीचा बराचसा भाग १९९० मध्ये पोकोसिन लेक्स या वन्यजीव आश्रयस्थानात गेला. प्रत्यक्ष उभे राहिलेले सर्वांत ठळक उदाहरण फिनलंडमधील औलू येथील. तेथे केमिरा कंपनीने १९८८ मध्ये दाबाखालील विंकलर गॅसिफायरवर पीटपासून अमोनिया बनवला. ऑक्सिजन आणि वाफ देऊन सुमारे १० बार दाबाने ते संयंत्र चालत असे. तांत्रिकदृष्ट्या ते चालले, पण स्वस्त तेलापुढे टिकले नाही आणि काही वर्षांतच थांबले.

द्रव इंधनाबाबत सविस्तर नंतर लिहितो, कारण त्यासाठी आपली क्षमता डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडावा लागेल.

भूगोलाची शिक्षिका, नाशिकरोड

नमुन्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. नाशिक जिल्ह्यात पीट मिळणार नाही, आणि त्याचे कारण केवळ हवामान नाही.

पीट तयार होण्यासाठी वनस्पतींचे अवशेष वर्षभर पाण्याखाली राहावे लागतात, म्हणजे ऑक्सिजनअभावी त्यांचे कुजणे अर्धवट राहते. थंड हवा, आम्लधर्मी पाणी आणि गाळ न आणणारा प्रवाह असेल तर थर वाढतो, तोही वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, खाली भेगाळ बेसॉल्ट, आणि उन्हाळ्यात जमिनीचे तापमान एवढे की पालापाचोळा एका हंगामात मातीत मिसळून जातो. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. ते पाणथळ आहे, वनस्पतीही मुबलक आहेत, पण तेथे गोदावरी आणि कादवा दरवर्षी गाळ आणून टाकतात. त्या गाळात सेंद्रिय भाग असतो, तरी तो वाळवून जाळू गेल्यास राखच हाती येईल. भारतात पीटचे थर निलगिरीच्या उंचावरील दऱ्यांत सापडतात आणि कोलकात्याखालच्या गाळातही त्यांचे पट्टे आहेत. निलगिरीचे पीट संशोधकांना हवे असते, कारण त्यात हजारो वर्षांच्या हवामानाची नोंद दडलेली आहे. चाचणीसाठी ते उकरून आणण्याचा विचार कृपया करू नये. ग्राहकाकडूनच दोन पोती मागवावीत.

आणखी एक बाब लिहिल्याशिवाय राहवत नाही. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे, परंतु जगातल्या सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक कार्बन या ३ टक्क्यांत आहे. आंतरराष्ट्रीय हिशेबात प्रत्येक गिगाज्यूल उष्णतेमागे पीटसाठी १०६ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, दगडी कोळशासाठी सुमारे ९५ आणि नैसर्गिक वायूसाठी ५६. वायूपासून द्रव इंधन करताना निम्मी ऊर्जा वाटेत जाते असे धरले, तर अंतिम इंधनाच्या गिगाज्यूलमागे हा आकडा २०० च्या पुढे जातो. साधे डिझेल जाळले तर तो ७४ आहे. चर काढलेली दलदल पुढे वर्षानुवर्षे कार्बन सोडत राहते तो भाग यात धरलेलाच नाही. आयर्लंडच्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. अशा वेळी पीटसाठी संयंत्र मागणारा ग्राहक दहा वर्षांनी सुट्या भागांची ऑर्डर द्यायला असेल का, याचा विचार धंदा म्हणूनही करावा.

निफाडचा द्राक्षबागायतदार

विषय पीटचा असला तरी गॅसिफायर म्हटल्यावर आमच्या काड्यांचा उल्लेख होणारच, म्हणून थोडे लिहितो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडतात आणि आमच्याकडचे ऊन त्या काही आठवड्यांत अशा वाळवते की हाताने मोडल्या तर कटकन तुटतात. ज्या वाळवणीसाठी फिनलंडमध्ये शेत अंथरून बसावे लागते, ती येथे फुकट होते. सातपूरच्या कारखानदारांनी गॅसिफायरची चाचणी या काड्यांवर करावी.

मात्र सर्व काड्या भट्टीसाठी मिळतील असे गृहीत धरू नये. पुष्कळ बागायतदार आता त्यांचा भुगा करून बोदावरच (वेलींच्या गादीवाफ्यावरच) टाकतात, कारण सेंद्रिय कर्ब वाढतो आणि पाणी धरून राहते. बाईंनी दलदलीतल्या कार्बनबद्दल जे लिहिले तेच गणित लहान प्रमाणात आमच्या सरीतही आहे. भाव चांगला मिळाला तर विकू, नाहीतर जमिनीला देऊ.

सातपूरचा फॅब्रिकेटर

सर्वांचे आभार. नमुना ग्राहकाकडूनच मागवण्याचे पत्र पाठवले आहे. बाईंच्या मुद्द्यावर मध्यस्थाशी बोललो. ग्राहकाकडे पूर्वी काढून ठेवलेल्या पीटचा साठा आहे आणि तो संपल्यावर त्याच संयंत्रात लाकडाचे तुकडे वापरायचा त्यांचा विचार आहे, असे समजले. त्यामुळे दोन्ही इंधने चालतील अशी रचना करावी लागेल.

आमचे सध्याचे मॉडेल डाउनड्राफ्ट आहे, म्हणजे हवा आणि वायू दोन्ही वरून खाली जातात. ते ५० टक्के ओलाव्यावर चालेल का? आणि द्रव इंधनाच्या 'सोयी'बद्दल आपण लिहिणार होतात, त्याची वाट पाहत आहे.

निवृत्त रसायन अभियंता

चालणार नाही. डाउनड्राफ्टमध्ये इंधनाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो, कारण सर्व वाफ जळत्या पट्ट्यातून जाते आणि तो पट्टा थंड पडला की टारचे (वायूसोबत निघणाऱ्या डांबरासारख्या चिकट पदार्थाचे) विघटन होत नाही. वळ्यांचे पीट असेल तर अपड्राफ्ट रचना घ्यावी. तीत हवा खालून येते, गरम वायू वर जाताना इंधन वाळवत जातो आणि ४५ ते ५० टक्के ओलावाही चालून जातो. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यास 'बायोनीअर' नावाचे ४ ते ५ मेगावॉटचे असे गॅसिफायर पीट आणि लाकूड या दोन्हींवर जिल्हा-तापन केंद्रांत (वस्तीला गरम पाणी पुरवणाऱ्या केंद्रांत) बसवले गेले होते, म्हणजे आपल्या ग्राहकाला हवे तेच काम. या रचनेत टार भरपूर निघते. परंतु वायू थंड न करता, इन्सुलेशन केलेल्या आखूड पाइपातून थेट बॉयलरच्या बर्नरमध्ये नेला तर टारही इंधन म्हणून जळून जाते. पाइप लांब झाला किंवा एखादा फ्लँज (पाइपांचा जोड) इन्सुलेशनविना राहिला की तेथे टार बसते आणि पाइप साफ करण्यासाठी संयंत्र बंद ठेवावे लागते. पाइप वाकवावा लागलाच तर वळणावर सफाईचे झाकण ठेवावे.

२ मेगावॉटसाठी ५० टक्के ओलाव्याचे पीट ताशी सुमारे ८०० किलो लागेल, दिवसाला १९ टनांच्या घरात. त्याची सैल घनता घनमीटरला ३५० किलो धरली तर ताशी २.३ घनमीटर. लाकडाच्या अनुभवावरून हॉपर (इंधन भरून ठेवण्याची टाकी) लहान धरला जातो आणि रात्रपाळीची पंचाईत होते, तेव्हा हा आकडा आधीच पक्का करावा. माल अवजड असल्याने त्याला लांबचा प्रवासही परवडत नाही; एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येऊ शकतो, पीटचे संयंत्र मात्र दलदलीजवळच लागते. साठवणीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पीटचा मोठा ढीग आतून आपोआप तापतो आणि पेटू शकतो, म्हणून शेडमध्ये ढिगाचे तापमान मोजण्याची सोय कोटेशनमध्ये धरावी.

आता द्रव इंधन. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ५०० अंशांच्या आसपास हवेविना झटपट तापवून निघणारी वाफ थंड करणे. त्यातून तेल मिळते, पण ते आम्लधर्मी असते, त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते आणि ते डिझेलमध्ये मिसळत नाही. बर्नरमध्ये जाळता येईल, गाडीत घालता येणार नाही. दुसरा मार्ग वायूचा. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण करून त्यापासून तांबे-जस्त उत्प्रेरकावर ५० ते १०० बार दाबाने मिथेनॉल करायचे, किंवा फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ मध्ये जर्मनीत शोधलेल्या पद्धतीने लोह किंवा कोबाल्ट उत्प्रेरकावर डिझेल आणि मेण करायचे. दोन्हींसाठी एका भाग कार्बन मोनॉक्साइडला साधारण दोन भाग हायड्रोजन लागतो. पीटच्या वायूत हायड्रोजन त्याहून बराच कमी असतो, त्यामुळे वाफेशी अभिक्रिया करून तो वाढवावा लागतो.

येथे आपल्या ग्राहकाच्या दोन टप्प्यांचा मेळ बसत नाही. बॉयलरसाठीचा गॅसिफायर हवेवर चालतो आणि त्याच्या वायूत निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो. घनमीटरला उष्णता ४ ते ६ मेगाज्यूल, तर नैसर्गिक वायूत सुमारे ३५. एवढा निरुपयोगी नायट्रोजन ५० बारपर्यंत दाबत बसण्यात अर्थ नाही. त्यासाठी ऑक्सिजनवर चालणारा गॅसिफायर, म्हणजे सोबत ऑक्सिजनचे संयंत्र, आणि गंधक अगदी नगण्य पातळीवर आणणारी शुद्धीकरणाची साखळी लागते, कारण गंधकाने उत्प्रेरक मरतो. टारही पूर्ण काढावे लागते. औलूच्या संयंत्रातही नॅफ्थलीनने त्रास दिला होता. कपाटात ठेवतो त्या डांबरगोळीचाच हा पदार्थ वायू थंड होताना पाइपांत आणि कंप्रेसरमध्ये स्फटिकरूपाने साचतो.

क्षमतेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. एक टन कोरड्या पीटमधून, निम्मी ऊर्जा उत्पादनात उतरली असे धरल्यास, साधारण अर्धा टन मिथेनॉल मिळते. फिशर-ट्रॉप्शने द्रव इंधन केले तर टनाचा साधारण पाचवा हिस्सा. २ मेगावॉटच्या इंधनातून ताशी १८० किलो, म्हणजे दिवसाला सव्वाचार टन मिथेनॉल. नैसर्गिक वायूवर चालणारे आजचे मोठे मिथेनॉल कारखाने दिवसाला ५,००० टन बनवतात. दाबाची भांडी, कंप्रेसर आणि ऑक्सिजनचा खर्च क्षमतेच्या प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे सव्वाचार टनांच्या संयंत्राचे मिथेनॉल बाजारभावाला विकणे शक्य नाही. दुसऱ्या टप्प्याची 'सोय' म्हणून एखादा ब्लाइंड फ्लँज (पुढच्या जोडणीसाठी ठेवलेले पाइपाचे बंद तोंड) ठेवून द्यावा, असे मध्यस्थ सुचवील. तसे लिहून देऊ नये. त्या फ्लँजवर पुढे काहीही जोडता येणार नाही आणि कागदावर मात्र आपली सही राहील.

भूगोलाची शिक्षिका, नाशिकरोड

पूर्वीच काढून ठेवलेला साठा वापरून नंतर लाकडावर जाणार असतील तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो. तरीही साठा किती वर्षे पुरेल हे लेखी मागून घ्यावे. १९ टन रोज म्हणजे वर्षभर अखंड चालल्यास सुमारे ७,००० टन. एवढा साठा कोणी उघड्यावर सांभाळून ठेवत असेल का, याबद्दल मला शंका आहे.

निवृत्त रसायन अभियंता

बाईंचा प्रश्न रास्त आहे, पण गरम पाण्याचे केंद्र हिवाळ्यातच पूर्ण भाराने चालते, त्यामुळे वर्षाचा खप त्याहून बराच कमी निघेल.

सातपूरच्या मित्रांसाठी ग्राहकाकडे पाठवायच्या प्रश्नांत एवढे असू द्यावे: माल भुगा आहे की वळी, ओलाव्याची किमान आणि कमाल मर्यादा, कोरड्या मालातील राख, गंधक, नायट्रोजन आणि क्लोरीन, आणि राख कोणत्या तापमानाला मऊ होऊ लागते. शेवटचा आकडा सर्वांत आधी मागावा. पीटच्या राखेत लोह आणि चुना जास्त असला तर ती लवकर चिकटते आणि जाळीवर तिचा दगड होतो. मग फिरती जाळी आणि हवेसोबत थोडी वाफ देण्याची व्यवस्था करावी लागते, जी आपल्या सध्याच्या मॉडेलमध्ये नसणार. चाचणी येथे घेणार असाल तर शेड उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर गॅसिफायरच्या वर नव्हे, माणसे उभी राहतात त्या उंचीवर लावा. दोन पोती माल आला की पृथक्करणाचा अहवाल येथेच टाकावा, म्हणजे जाळीचे माप ठरवता येईल.